चंद्रपूर ते सिरोंचा: प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातले खडक आणि जीवाश्म कसे वाचायचे

दगड म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काळा फत्तर येतो. किल्ले, लेणी, घाटातल्या दरडी, घराचं जोतं, सगळं त्याच लाव्हाच्या दगडाचं. त्यामुळे आपल्या राज्यात जीवाश्म नाहीतच, असं बरेच जण धरून चालतात. पण नागपूरहून चंद्रपूरच्या वाटेला लागलं की वरोऱ्याच्या पुढे हा काळा दगड विरळ होत जातो आणि त्याच्या खालचा देश उघडा पडतो. पिवळसर वाळूचे दगड, तांबडी माती, दगडी कोळसा आणि पार दक्षिणेला सिरोंच्यापाशी मलईच्या रंगाचा चुनखडक. ३० कोटी वर्षांपासून साठलेला हा गाळ आहे. त्यात बर्फाने घासलेले धोंडे आहेत, कोळसा झालेली रानं आहेत, मासे आहेत आणि डायनोसॉरही आहेत.

हा लेख त्या खोऱ्यात स्वतः जाऊन पाहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. भूशास्त्राची पदवी लागत नाही. तीन-चार दिवस, चांगले बूट आणि सावकाश चालायची तयारी एवढं पुरे. मी या भागात अनेक वर्षं जातो आहे आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: आधी थर ओळखायला शिका, जीवाश्म नंतर. थर माहीत नसलेला जीवाश्म म्हणजे नाव-गाव नसलेलं पत्र. हे मला कसं कळलं ते पुढे येईलच.

पहिली पायरी: घरी बसून खोरं समजून घ्या

नकाशा उघडा. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात आणि तिथून पुढे त्यांना प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. समोरच्या काठावर तेलंगणातलं कालेश्वरम. आता वायव्येकडून आग्नेयेकडे, म्हणजे चंद्रपूरकडून सिरोंच्यामार्गे पुढे गोदावरीच्या कडेने एक लांब पट्टा मनात आखा. तेच हे खोरं. त्याच्या नैर्ऋत्येला धारवाडचा जुना कठीण भूखंड, ईशान्येला बस्तरचा. या दोहोंच्या सांध्यावर जमीन हळूहळू खचत गेली. जसजशी ती खचली तसतशा नद्या गाळ आणून ती भरत राहिल्या. खचणं आणि भरणं कोट्यवधी वर्षं बरोबरीने चाललं, म्हणून इथे काही किलोमीटर जाडीचा गाळ साठू शकला. जवळजवळ सगळा गाळ नद्यांचा, पूरमैदानांचा आणि तळ्यांचा. तेव्हा शंख-शिंपल्यांनी भरलेला समुद्रतळ इथे शोधू नका.

या गाळाच्या खडकांना गोंडवाना खडक म्हणतात. हेन्री मेडलिकॉट या भूवैज्ञानिकाने १८७२ मध्ये गोंडांच्या राज्यावरून हे नाव योजलं आणि पुढे एडवर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने ते दक्षिणेकडच्या अख्ख्या महाखंडाला दिलं. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि भारत एकत्र होते त्या भूमीचं जगभर चालणारं नाव गोंडांचं आहे आणि गोंड राजांची राजधानी असलेलं चंद्रपूर त्याच खडकांवर वसलेलं आहे. मला याचा फार अभिमान वाटतो. तिथल्या प्रत्येक शाळेत हे सांगितलं गेलं पाहिजे.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. या खोऱ्यातले थर सपाट नाहीत. ते मंदपणे ईशान्येकडे कललेले आहेत. कललेली वह्यांची चळत बाजूने पाहावी तसं. त्यामुळे नैर्ऋत्य कडेला सर्वांत जुने थर उघडे पडतात आणि ईशान्येकडे चालत गेलं की एकेक नवा थर वर येतो. तेलंगणाच्या बाजूने प्राणहितेकडे या, म्हणजे तुम्ही काळातही पुढे येता. हे एकदा डोक्यात बसलं की गाडीच्या खिडकीतूनही तुम्ही अंदाज बांधू शकाल.

थरांचा क्रम खालून वर असा लक्षात ठेवा: तालचीर (बर्फाचा काळ), बराकर (कोळसा), कामठी (वाळूचे दगड), मग येर्रापल्ली, भीमारम, मलेरी आणि धर्मारम (तांबडी माती आणि वाळूचे दगड आलटून-पालटून), त्यावर कोटा (वाळूचा दगड आणि चुनखडक). त्याच्याही वर क्रिटेशियस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातले वाळूचे दगड आहेत, पण पहिल्या फेरीत त्यांच्या मागे लागू नका.

निघण्यापूर्वी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर नोंदणी करून भूशास्त्रीय नकाशा पाहून ठेवा. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर याच संस्थेचं मध्य विभागाचं कार्यालय आहे. शहरातला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, तासभर पाहून घेतलं तर डोळा तयार होतो.

दुसरी पायरी: काय न्यायचं, कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नाले तुडुंब असतात आणि मे महिन्यात या भागातलं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. पाऊस संपल्यावर नाल्यांच्या कडा नव्याने कापल्या गेलेल्या असतात, त्यामुळे दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. गडचिरोलीत हिवतापाचा त्रास मोठा आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी आणि मलम यात हयगय करू नका.

सामानात दहापट मोठं दाखवणारं भिंग, होकायंत्र, मोजपट्टी, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल, मऊ ब्रश, पाण्याची फवारणीची बाटली आणि छोट्या बाटलीत व्हिनेगर घ्या. फोनमध्ये अक्षांश-रेखांश दाखवणारं ॲप असू द्या आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण आलापल्लीच्या पुढे रेंजचा भरवसा नाही. हातोडा घरी ठेवा. तुम्हाला त्याची गरज पडणार नाही आणि हातात असला की चालवल्याशिवाय राहवत नाही.

सिरोंचा तालुक्यातला बराचसा भाग वनजमीन आहे. वनकायद्यात दगड आणि खनिजंही वनोपजात मोडतात, म्हणजे जंगलातून दगड उचलून नेणं हा गुन्हा आहे. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन आपण कोण, कुठे आणि कशासाठी जाणार ते सांगा. जवळच्या पोलीस ठाण्यातही कळवून ठेवा. आणि गावातला एक माणूस बरोबर घ्या, त्याच्या दिवसाचे पैसे देऊन. इथे मराठीइतकीच तेलुगू, गोंडी आणि माडिया चालते. वाट, पाणी आणि कुठल्या नाल्यात 'हाडासारखे दगड' आहेत हे त्यालाच ठाऊक असतं.

तिसरी पायरी: चंद्रपूर, बर्फ आणि कोळसा

सुरुवात तळापासून. चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे (शहराजवळून वाहणाऱ्या इरई नदीशी गल्लत करू नका). एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकाला तिथे नदीपात्रात एक विलक्षण गोष्ट दिसली. खालचा कितीतरी जुना चुनखडक गुळगुळीत घासलेला होता, त्यावर समांतर ओरखडे होते आणि त्याच्यावर धोंड्यांनी भरलेला तालचीरचा थर बसलेला होता. असे ओरखडे सरकता बर्फच पाडतो. बर्फाच्या बुडाशी अडकलेले दगड खालच्या खडकावरून खरवडत जातात. आज जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तिथे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या होत्या, कारण तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता.

तालचीर ओळखायच्या तीन खुणा. एक, लहान-मोठे, गोल-कोनेरी, नाना जातीचे दगड एकत्र कोंबलेले. नदी दगड निवडून आणते, वजनाप्रमाणे मांडते. बर्फ काही निवडत नाही. दोन, त्यातल्या एखाद्या धोंड्याची एक बाजू चापट, घासल्यासारखी, वर बारीक रेघा. तीन, धोंड्यांच्या मधली बारीक माती हिरवट. याच थराच्या वरच्या भागात हिरवट शेल (पापुद्र्यापापुद्र्यांचा मातीचा दगड) असतो, तो बोटांनी मोडला की पेन्सिलीच्या तुकड्यांसारख्या काड्या पडतात. एकदा हातात घेऊन मोडून पाहा, आयुष्यभर विसरणार नाही.

त्यावर बराकर. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी इथल्या खाणी याच थरातल्या. खाणीत परवानगीशिवाय जाता येत नाही आणि कडेच्या ढिगाऱ्यांवर चढणंही धोक्याचं, ते आतून धुमसत असतात. पण कोळशासोबत येणारा करडा शेल पाहायला मिळाला तर त्याच्या पापुद्र्यांत पानं शोधा. ग्लॉसॉप्टेरिस. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध ठसठशीत शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना शिरांचं जाळं. शीर मधोमध नसून सगळ्या शिरा बुडापासून पंख्यासारख्या पसरत असतील तर ते गँगॅमॉप्टेरिस. भिंग आडवं ऊन घेऊन धरा. डोक्यावरच्या उन्हात पान दिसतच नाही. सकाळी आठला जो दगड कोरा वाटत नाही, तोच दुपारी बाराला कोरा वाटतो.

हेच पान आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत सापडतं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे सोबती मरण पावले, तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड होते. शेवटपर्यंत त्यांनी ते टाकले नव्हते. त्यात ग्लॉसॉप्टेरिसची पानं होती. चंद्रपूरचा कोळसा झालेलं रान आणि त्या बर्फातलं रान एकाच भूमीवरचं.

कामठीचे वाळूचे दगड पाहायचे तर नागपूरजवळच्या कामठी आणि सिल्लेवाड्याचं नाव घ्यावं लागतं. नागपुरात मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५० च्या दशकात इथली पानं गोळा केली. दक्षिणेकडच्या मांगली गावातून हिस्लॉप यांना एका उभयचराची चपटी कवटी मिळाली, तिचं वर्णन इंग्लंडचे जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स या नावाने केलं. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेले. नागपूरकर त्यांना कॉलेजच्या नावाने ओळखतात, पण विदर्भातल्या जीवाश्मांच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

चौथी पायरी: थर मोजायला शिका

सिरोंच्याला पोचण्याआधी, वाटेत कुठल्याही नाल्याच्या कडेला हा सराव करा. मनापासून सांगतो, हा एक तास वाचवू नका.

थराचा कल काढायला थराची उघडी सपाट पाठ शोधा आणि तिच्यावर थोडं पाणी ओता. पाणी ज्या दिशेला सर्वांत सरळ धावतं ती कलण्याची दिशा. होकायंत्र लावून लिहून घ्या. ती ईशान्येच्या आसपास आली तर तुम्ही खोऱ्याच्या मुख्य कलाशी जुळत आहात. एकदम वेगळीच आली तर दोनच शक्यता: एक तर तो तुकडा मूळ जागेवरून घसरलेला आहे किंवा जवळपास प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याची रेषा आहे.

मग कडेच्या पायथ्यापासून वर मोजत चला. वहीत १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर असं प्रमाण धरा. वाळूच्या दगडाला ठिपके, मातीच्या थराला आडव्या तुटक रेघा, चुनखडकाला विटांसारखी रचना. प्रत्येक थराशेजारी रंग, कणांचा आकार आणि जे विशेष दिसेल ते लिहा. वाळूच्या दगडात तिरप्या रेघांचे पट्टे दिसले तर त्या नदीतल्या वाळूच्या सरकत्या ढिगांच्या खुणा आहेत आणि रेघा ज्या बाजूला खाली झुकतात त्या बाजूला पाणी वाहत होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या नदीची दिशा तुम्हाला अशी हाताने काढता येते.

तांबडी माती आणि पांढरे चुन्याचे खडे एकत्र दिसले तर ते पूरमैदान. लोह गंजलं की माती तांबडी होते. पाणी वर ओढलं जाऊन उडालं की चुना खाली गोळ्यांच्या रूपाने राहतो. म्हणजे पाऊस ऋतूत पडायचा आणि मग कोरडे महिने यायचे. चुनखडकाची परीक्षा व्हिनेगरने करा. नुसत्या दगडावर व्हिनेगर टाकून फारसं काही दिसत नाही. सुरीच्या टोकाने थोडी भुकटी खरवडा आणि तिच्यावर थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे.

पाचवी पायरी: सिरोंचा आणि कोटा

चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. आलापल्लीच्या पुढचं सागाचं रान डोळे भरून पाहा. अंधारात हा रस्ता करू नका.

कोटा हे गाव प्राणहितेच्या डाव्या काठावर, सिरोंच्याच्या उत्तरेला. एवढ्याशा गावाचं नाव जगभरच्या ज्युरासिक अभ्यासात घेतलं जातं, कारण इथल्या चुनखडकातले मासे १८५१ मध्येच माशांच्या जीवाश्मांचे इंग्लंडमधले अभ्यासक फिलिप एजर्टन यांच्या हाती पोचले आणि त्यांनी लेपिडोटस डेक्कनेन्सिस हे नाव प्रसिद्ध केलं. कोटा थराचा काळ पूर्व ते मध्य ज्युरासिक. खाली वाळूचा दगड, मग चुनखडकाचा पट्टा, वर पुन्हा माती आणि वाळूचे दगड.

चुनखडक पाहताना घाई नको. मलई किंवा फिकट गुलाबी रंग, पातळ पातळ पट्टे. काही पट्ट्यांवर लाटांच्या वळ्या, काहींवर चिखल वाळून पडतात तशा भेगा. हे उथळ, गोड्या पाण्याचं तळं होतं आणि ते अधूनमधून आटायचं. गुडघ्यावर बसा, दगडाला पाण्याची हलकी फवारणी द्या आणि भिंग लावा. माशाचा खवला असेल तर तो लगेच वेगळा ओळखू येतो. शंकरपाळ्याच्या आकाराचा, नखाएवढा, गडद तपकिरी किंवा काळसर. त्याची चकाकी चिनी मातीच्या कपासारखी, कारण या माशांच्या खवल्यांवर दातावर असतं तसं कठीण लुकण असायचं. शेजारी चुनखडक कितीही मळकट असला तरी खवला ओला झाला की उजळतो. एखादा खवला दिसला की नजर तिथून हलवू नका. शेजारी दुसरा, तिसरा, कौलांसारखे एकावर एक रचलेले मिळतात का पाहा. रचना तशीच असेल तर अंगाचा तुकडा शाबूत आहे. विस्कटलेले असतील तर मासा कुजून पसरला होता. याच दगडात डाळीच्या दाण्याहून लहान कवचं दिसतील, त्यांवर नखावर असतात तशा बारीक वळ्या. ते आटणाऱ्या डबक्यांत राहणारे कवचधारी जीव, आणि तळं उथळ होतं याचा आणखी एक पुरावा.

इथेच माझी चूक सांगतो. पहिल्या फेरीत एका नाल्याच्या तळाशी मला असाच खवल्यांचा तळहाताएवढा तुकडा मिळाला. आनंदाच्या भरात मी तो खिशात घातला. घरी आल्यावर ज्यांच्याकडून मी शिकलो त्यांना दाखवला. त्यांनी तो दोन मिनिटं पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "कुठल्या पट्ट्यातला?" मला उत्तर देता आलं नाही. चुनखडकाचे तिथे अनेक पट्टे होते. तो तुकडा कुठल्या पट्ट्यातून सुटून नाल्यात आला, त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, काहीच लिहिलं नव्हतं. मासा उत्तम होता आणि अभ्यासाला निरुपयोगी झाला होता, माझ्यामुळे. तो मी उचलायलाच नको होता, ही गोष्ट वेगळीच.

म्हणून सुट्या तुकड्याचा माग असा काढा. नाल्यात काही दिसलं की ते जागीच ठेवा आणि चढाच्या दिशेने वर चाला, दर दोन-तीन पावलांवर खाली पाहत. त्याच रंगाचे, त्याच जातीचे तुकडे दिसत राहतील. एका उंचीनंतर ते एकदम थांबतील. जिथे थांबले त्या रेषेवर किंवा तिच्या किंचित खाली मूळ थर आहे. तिथे उभं राहून थर मोजा, लिहा, फोटो घ्या. मगच खाली पडलेल्या तुकड्याचं तुमचं टिपण पूर्ण होतं.

एक सावधगिरी: खाली गोदावरीवर मेडीगड्डा बॅरेज आहे. पाण्याच्या पातळीप्रमाणे प्राणहितेचा काठ कधी उघडा असतो, कधी बुडालेला. सकाळी गावात विचारल्याशिवाय पात्रात उतरू नका.

सहावी पायरी: वडधम आणि मोठी हाडं

सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला वनविभागाचं जीवाश्म उद्यान आहे. दगड झालेले झाडांचे बुंधे तिथे पाहायला मिळतात. खोड गाळात पुरलं गेलं, सिलिका विरघळलेलं पाणी त्यातून झिरपत राहिलं आणि पेशीपेशीत सिलिका बसत गेली. म्हणून लाकडाची वीणही टिकली. आडव्या छेदावर वर्तुळं शोधा, उभ्या बाजूला तंतूंची दिशा. हात लावून पाहायला हरकत नाही, पण बुंध्यांवर बसू नका आणि खपल्या काढू नका.

लाकूड, हाड आणि नुसता दगड यांत फरक कसा करायचा? लाकडात तंतू एका दिशेने धावतात आणि ते तुटलं की लांबट तुकडे पडतात. हाडाला बाहेर घट्ट साल असते आणि आत जाळी, भिंगातून पावाच्या आतल्या भागासारखी. पाण्याचा थेंब टाकला तर हाडाची जाळी तो चटकन शोषते, गुळगुळीत खडा तसाच ठेवतो. चुन्याच्या किंवा लोहाच्या गाठी फसव्या असतात. त्या हुबेहूब मांडीच्या हाडासारख्या दिसतात, पण फुटलेल्या बाजूला एकसारख्या किंवा कांद्यासारख्या थरांच्या. दहा 'हाडां'पैकी नऊ गाठी निघतात. निराश होऊ नका, माझ्याही निघतात.

खरी हाडं मात्र इथे आहेत. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनच्या जीवाश्म-अभ्यासक पामेला रॉबिन्सन यांना बोलावून भूशास्त्राचा विभाग सुरू केला आणि त्या विभागाच्या मंडळींनी १९५८ पासून पोचमपल्ली गावाजवळ कोटा थराच्या खालच्या भागातून सुमारे ३०० हाडं काढली. मोठमोठ्या झाडांच्या बुंध्यांसोबत, किमान सहा प्राण्यांची, एकत्र विखुरलेली. बहुधा पुराने कळपाचे देह आणि झाडं एकत्र वाहून आणली. एकट्या मांडीचं हाड १.७ मीटर. १९७५ मध्ये नाव ठेवलं गेलं बारापासॉरस टागोरी. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय आणि 'टागोरी' रवींद्रनाथ टागोरांवरून, कारण हाडं काढणं चालू असताना १९६१ मध्ये त्यांची जन्मशताब्दी होती. लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांच्या जगातल्या सर्वांत जुन्या नातलगांपैकी तो एक आहे. त्याच कोटा थरातून तेलंगणातल्या यामनपल्लीजवळ कोटासॉरस मिळाला. सस्तन प्राण्यांचे अगदी बारीक दातही या थरातून चाळणीने माती गाळून मिळाले आहेत.

सातवी पायरी: वेळ असेल तर नदीपलीकडे

पुलावरून तेलंगणात गेलात तर तुम्ही थरांत खाली उतरता, ट्रायासिक काळात. आसिफाबाद आणि मंचेरियाल जिल्ह्यांतली मलेरीची तांबडी माती २२ कोटी वर्षांच्या आसपासची. शेतकरी या मातीत नांगर घालतात आणि पावसानंतर ढेकळांत तुकडे उघडे पडतात. सर्वांत सहज ओळखू येतो तो फुप्फुसमाशाचा दात: पंख्यासारखी चापट प्लेट, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उंचवटे. तिथेच चोचीच्या तोंडाचा हायपरोडॅपेडॉन आणि मगरीसारखा पॅरासुकस हिस्लोपी राहायचे. हे दुसरं नाव नागपूरच्या हिस्लॉप यांच्यावरून. पॅरासुकसच्या दोन पूर्ण सांगाड्यांच्या पोटाच्या जागी मलेरीसॉरस या लहान सरड्यासारख्या प्राण्याचे सांगाडे मिळाले. शेवटचं जेवण २२ कोटी वर्षं तसंच राहिलं.

परतीच्या वाटेवर वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. ते या खोऱ्याच्या भरण्यानंतरचं, लाव्हा येण्याच्या जरा आधीचं. तिथल्या विष्ठाश्मांत (दगड झालेल्या विष्ठेत) २००५ मध्ये गवताच्या सूक्ष्म खुणा मिळाल्या आणि डायनोसॉरांच्या काळात गवत होतं हे कळलं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शेवटची पायरी: सापडलंच तर

उचलू नका, खणू नका, झाकलेली माती हटवू नका. हवेत उघडं पडलेलं हाड झिजत जाऊन भुगा होतं, म्हणून झाकलेलं आहे ते झाकलेलंच राहू द्या. चार फोटो घ्या: दुरून, आजूबाजूच्या कडेसह; मध्यम अंतरावरून, माणूस शेजारी उभा करून; जवळून, नाणं किंवा मोजपट्टी ठेवून; आणि थराचा बाजूने. अक्षांश-रेखांश, तारीख, थराचा रंग आणि खालून मोजलेली उंची वहीत लिहा. समाजमाध्यमांवर जागा टाकू नका. या भागातून दगड विकत घेणारे फिरतात आणि एका फोटोवरून नाला रिकामा होतो.

मग सिरोंच्याच्या वनकार्यालयात आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे लेखी कळवा, सोबत फोटो आणि तुमची मोजणी जोडून. तुमच्याबरोबर आलेल्या गावकऱ्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर, शोध लावणारा म्हणून त्यात पहिलं लिहा. बहुतेक वेळा आधी त्यानेच पाहिलेलं असतं. उत्तराला वेळ लागला तर तीन महिन्यांनी पुन्हा कळवा आणि पत्राची प्रत वहीत चिकटवून ठेवा.

आणि कधी कोलकात्याला जाणं झालं तर बॅरकपूर ट्रंक रोडवरच्या सांख्यिकी संस्थेच्या भूशास्त्र संग्रहालयात आधी विचारून जा. बारापासॉरस तिथे उभा आहे. कोटासॉरस पाहायचा तर हैदराबादचं बिर्ला विज्ञान केंद्र. बारापासॉरसची कवटी पोचमपल्लीला मिळाली नाही, फक्त काही दात मिळाले. समोर उभं राहिलात की आधी पायांकडे पाहा, मांडीच्या हाडावर भिंग धरल्यासारखी नजर लावा. बाहेरची घट्ट साल आणि तुटलेल्या कडेला आतली जाळी, वडधमला शिकलात तीच.